एक्केचाळीस नंबरचा अडॅप्टर

१

अकरा मिनिटं शहरातला एकही माणूस आगीची किंवा अपघाताची खबर देऊ शकला नाही. बुधवारी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी आपत्कालीन मदत केंद्राच्या यंत्रखोलीत ‘फट्’ असा आवाज झाला, जळक्या प्लास्टिकचा वास सुटला आणि वरच्या मजल्यावरचे सगळे फोन एकदम गप्प झाले. जुनी जोडणी परत लावेपर्यंत दहा अठरा झाले. तेवढ्या वेळात गॅस गळणाऱ्या घरातली एक बाई सतरा वेळा फोन लावत राहिली. शेजाऱ्यानं खिडकी फोडून तिला बाहेर काढलं म्हणून निभावलं.

शुक्रवारी केंद्रप्रमुखानं आपल्या आत्याला बोलावून घेतलं.

आत्याबाईंनी एकतीस वर्षं विजेच्या उपकरणांच्या तपासणी प्रयोगशाळेत काढली होती. कुठलं यंत्र कशानं जळलं हे त्या नुसत्या वासावरून सांगतात, असं त्यांचे सहकारी म्हणत, आणि त्यांनी ते कधी नाकारलं नव्हतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्यांच्या पर्समध्ये रुमालापेक्षा मीटर आधी हाताला लागायचा.

भाच्याला ऑफिसात सगळे साहेब म्हणत आणि घरात फूटपट्टी. लहानपणी तो दुधाच्या वहीलासुद्धा समास आखायचा. त्याला वाढवण्यात आत्याबाईंचा निम्मा वाटा होता, त्यामुळे तो साहेब झाला तरी त्यांच्या लेखी फूटपट्टीच राहिला.

“आत्या, तुला फार वेळ बसवत नाही,” तो म्हणाला. “चार वाजता समितीची बैठक आहे. बाहेरच्या तज्ज्ञाची सही लागते. प्रकरण सरळ आहे.”

“सरळ म्हणजे कसं, ते सांग.”

“या इमारतीत जुन्या परदेशी यंत्रांसाठी भिंतीतल्या सॉकेटला एकशे वीस व्होल्टच ठेवलेत. यंत्रखोलीत नवा रॅक आला, त्याच्या पॉवर पट्टीला दोनशे चाळीस. जास्त दाबावर वायरी कमी तापतात, जागा वाचते, म्हणून तसा घेतला. नेटवर्कचे डबे त्यात हलवायचे होते. प्रत्येक डब्याचा अडॅप्टर दोनशे चाळीस सोसणारा हवा. वायरमननं एक जुना लावला. त्यावर चक्क छापलंय, फक्त एकशे वीस. बटण दाबलं आणि उडाला. फोन नेमके त्याच डब्यावर होते.”

“वायरमनचं काय होणार?”

“निलंबन. परवानाही जाईल.” फूटपट्टी टेबलावरची फाईल टेबलाच्या कडेला समांतर करत म्हणाला, “निवृत्तीला आठ महिने होते त्याच्या.”

“मग तर सहीच्या आधी चष्मा लावायलाच हवा.”

जळका अडॅप्टर पारदर्शक पिशवीत होता. काळा, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठा ठोकळा. एका बाजूची शिवण फाटली होती आणि आतून उडालेली काजळी चहूकडे बसली होती. आत्याबाईंनी तो उलटा केला. ‘फक्त १२० व्होल्ट’ ही अक्षरं एखाद्या पाटीसारखी स्वच्छ दिसत होती.

त्यांनी भिंग काढून अक्षरांवर धरलं. अक्षरांभोवती काजळी होती, अक्षरांवर कणभरही नव्हती. स्वच्छ जागेला चार सरळ कडा होत्या आणि आत गोंदाची पुसट चकाकी होती. म्हणजे अडॅप्टर फुटला तेव्हा या छपाईवर काहीतरी चिकटवलेलं होतं, आणि नंतर कोणीतरी ते सोलून काढलं होतं.

वायरमनला ही अक्षरं दिसलीच नसणार. ती समितीला मात्र नीट दिसतील, अशी सोय कोणीतरी केली होती.

२

वायरमन मागच्या आवारात आपल्या हत्यारांच्या पेटीवर बसला होता. इमारतीत त्याला सगळे काका म्हणत. दोन दिवसांत कोणी त्याला साधा बल्बसुद्धा बदलायला सांगितला नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं होतं.

“बसा बाई,” त्यानं पेटीचं अर्धं झाकण मोकळं केलं. “काय विचारायचं ते विचारा. फक्त ‘वाचता येत नाही का’ एवढं विचारू नका. ते कालपासून चार जणांनी विचारून झालंय.”

आत्याबाई पेटीवर बसल्या. “सोमवारपासून सांगा.”

“सोमवारी सहा नवे अडॅप्टर आले. मी एकेक हातात घेतला, चष्मा लावून मोठ्यानं वाचला. शंभर ते दोनशे चाळीस. मग वायर बघितली. वायरीवरही छापलेलं असतं, ती किती सोसते ते. लोक अडॅप्टर बघतात आणि वायर विसरतात, मी विसरत नाही. दोन्ही बरोबर असलं की हिरवा केबल टाय, प्लास्टिकचा बंद, बांधायचा. हिरवा टाय नाही तर माझ्या हातून रॅकमध्ये काही जात नाही. सव्वीस वर्षं झाली.”

“सहाही वाचलेत?”

“सहाही. मुलीची शपथ घेतो. सगळे खोक्यात भरून यंत्रखोलीत ठेवले. मंगळवारी माझं काम दुसऱ्या इमारतीत होतं. बुधवारी सकाळी लावायला घेतले.”

“लावताना परत वाचले नाहीत?”

काका जरा खजील झाला. “त्यावर स्टिकर आले होते ना. सामानाच्या यादीचे, नंबरवाले. नेमके छपाईवर. सोलून वाचले असते तर स्टोअरवाला माझ्या नावानं ओरडला असता. आणि हिरवा टाय दिसत होता, माझ्याच हातचा. मग कशाला सोलू?”

“हे समितीला सांगितलंत?”

“सांगितलं. म्हणाले, या अडॅप्टरवर स्टिकर कुठंय, दाखव. नव्हताच. झालो खोटारडा.”

आत्याबाईंनी पिशवीतली वायर वर धरली. एका टोकाला रॅकच्या पट्टीत बसणारी तीन पट्ट्यांची पिन, दुसऱ्या टोकाला अडॅप्टरमध्ये खुपसायची खोबण, आणि खोबणीजवळ हिरवा टाय अजून घट्ट होता.

“टाय वायरीवर बांधता?”

“मग काय तर. अडॅप्टरच्या ठोकळ्याला बांधणार कुठं?”

“आणि ही वायर अडॅप्टरमधून निघते?”

“निघते की. ओढली की…” काकाचा हात हवेतच थांबला. त्यानं वायरीकडे बघितलं, ठोकळ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “बाई, म्हणजे टाय माझा, वायर माझी, आणि ठोकळा…”

“ठोकळा दुसऱ्या कोणाचा तरी,” आत्याबाई उठल्या. “चार वाजेपर्यंत इथून हलू नका.”

३

रॅक बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर त्यांना यंत्रखोलीच्या दारातच भेटला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि खोली गारेगार होती.

“मॅडम, आमच्या पट्टीत दोष नाही. बघून घ्या.”

आत्याबाईंनी बघितलंच. मीटर लावला, दोनशे एकोणचाळीस. पट्टीच्या आतल्या नोंदीही उघडायला लावल्या. बुधवारी दिवसभर काटा दोन व्होल्टसुद्धा हलला नव्हता. बाकीचे पाच डबे त्याच पट्टीवर मजेत चालत होते.

“तुमची पट्टी निर्दोष आहे,” त्या म्हणाल्या, “पण एक सांगा. एकशे वीसचा अडॅप्टर तिच्यात शिरला कसा? भिंतीची पिन तर यात बसत नाही.”

“भिंतीची वायर बसत नाही. पण रॅकची वायर कुठल्याही ठोकळ्याला बसते. मागची खोबण सगळ्यांची सारखीच असते. लोकांना वाटतं, बसली म्हणजे चालणार.” तो जरा मोकळा झाला. “आणि मॅडम, आम्ही दिलेले सहाही शंभर ते दोनशे चाळीसचे होते. एकशे वीसवाला आमचा नाहीच. तो जुन्या खेपेतला. दिसायला मात्र हुबेहूब.”

“जुन्या खेपेतले किती आहेत इमारतीत?”

“ते स्टोअरला विचारा.”

स्टोअरकीपरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, पण प्रत्येक वस्तूला नंबर होता. शिडीला, पंख्याला, एवढंच काय, त्याच्या स्वतःच्या डब्यालाही. आणि प्रत्येक स्टिकर वाकडा. एक तर अर्धा कपाटावर आणि अर्धा हवेत होता.

“जुने अडॅप्टर भंगारात गेले,” तो गालावर हात धरून म्हणाला. “एकच वापरात होता. वरच्या हॉलमध्ये.”

“दारावर सूचना आहे, बुधवारी सामानाची तपासणी होती ना तुमच्याकडे?”

“हो. एकेका वस्तूला नंबर हवा म्हणून वरून तगादा. आणि माझी मंगळवारी दाढ काढायची होती. स्टिकरचा रोल खणात ठेवला, किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला अडकवली आणि गेलो. बुधवारी येऊन बघतो तर काम झालेलं. म्हटलं, देव पावला.”

“कोणी केलं, विचारलं नाहीत?”

“आयतं झालेलं काम कोणी केलं म्हणून कोण विचारतं मॅडम? विचारलं की पुढचं काम गळ्यात.”

हे आत्याबाईंना पटलं. त्यांनी रोल मागून घेतला. वरचा स्टिकर पंचेचाळीस नंबरचा होता.

“तुम्ही शेवटचा कुठला लावला होता?”

“सदतीस. त्या शिडीला.”

अडतीस ते चव्वेचाळीस. आत्याबाईंनी बोटांवर मोजलं आणि परत मोजलं. सात स्टिकर गेले होते. खोक्यात अडॅप्टर सहाच होते.

४

वरच्या हॉलमध्ये मदतीचे फोन घेणाऱ्या फोनबाई डाव्या कानाला हेडफोन लावून मफलर विणत होत्या. बावीस वर्षांत त्यांचा आवाज कोणी चढलेला ऐकला नव्हता. बुधवारच्या अकरा मिनिटांनी मात्र त्या हादरल्या होत्या.

“नंतर त्या गॅसवाल्या बाईंशी मीच बोलले,” त्या म्हणाल्या. “रागावल्या नाहीत हो. नुसतं विचारलं, तुम्ही कुठं होतात?”

त्यांच्या टेबलाखाली एक छोटा नेटवर्कचा डबा होता, नकाशाच्या पडद्यासाठी. तो भिंतीतल्या साध्या सॉकेटवर चाले. त्याचा काळा ठोकळा त्यांच्या पावलांशी पडलेला होता.

“हा जुना आहे ना?”

“जुनाच. माझी थंडीतली शेगडी ती. भारी तापतो, मी वर पाय ठेवून बसते.” फोनबाई थबकल्या. “पण आता तुम्ही विचारताय म्हणून सांगते, बुधवारपासून थंडच पडलाय. म्हटलं, माझेच पाय म्हातारे झाले.”

“मंगळवारी तुम्ही होतात?”

“मंगळवारी माझी सुट्टी. या टेबलावर कोणीच नसतं.”

आत्याबाई गुडघे टेकून टेबलाखाली शिरल्या. साठीनंतर टेबलाखाली शिरणं सोपं नसतं, निघणं तर त्याहून नाही. ठोकळा हाताला जेमतेम कोमट लागला. त्याच्या छपाईवर चव्वेचाळीस नंबरचा स्टिकर होता. त्यांनी नखानं एक कोपरा उचलला आणि अलगद सोलला.

खाली छापलं होतं, शंभर ते दोनशे चाळीस.

सहावा नवा अडॅप्टर इथं होता. मंगळवारी कोणीतरी हा टेबलाखालचा ठोकळाही नंबर लावायला खाली नेला होता. सातही ठोकळे ओळीनं मांडले, वायरी आड येतात म्हणून उपसल्या, स्टिकर लावले, आणि वायरी परत खुपसताना जुन्या ठोकळ्याला हिरव्या टायची वायर गेली. कोणी काही चोरलं नव्हतं, कोणी कट केला नव्हता. काकानं खबरदारी म्हणून टाय बांधला आणि दुसऱ्यानं शिस्त म्हणून स्टिकर लावला. त्या दोघांच्या काटेकोरपणात मिळून शहराचे फोन बंद पडले.

आता फक्त तो दुसरा कोण, एवढंच राहिलं होतं. आत्याबाई परत यंत्रखोलीत गेल्या आणि रॅकमधले पाच ठोकळे टॉर्चच्या उजेडात बघितले. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. प्रत्येक स्टिकर कडेपासून अगदी सारख्या अंतरावर, एका रेषेत, कोपरे नखानं दाबून बसवलेले. जणू कोणी समास आखून लावले होते.

घड्याळात तीन वाजत आले होते. पर्समधला मीटर त्यांना एकदम जड वाटला.

५

फूटपट्टीनं त्यांच्यासाठी चहा मागवून ठेवला होता. शेजारी फाईल होती, आणि फाईलवर कडेला समांतर पेन.

“झालं बघून?”

“झालं. आता मी सांगते, तू ऐक. चुकलं तर मध्ये बोल.”

त्यांनी सगळं सांगितलं. काजळी, टाय, सात स्टिकर, फोनबाईंची थंड पडलेली शेगडी. भाचा एकदाही मध्ये बोलला नाही.

“बुधवारी जळका ठोकळा पहिल्यांदा कोणी हातात घेतला?”

“मी.”

“एक्केचाळीस नंबर कुठंय?”

त्यानं खिशातली डायरी काढून उघडली. आत, पानाच्या बरोब्बर मधोमध, एका कडेला तपकिरी पडलेला स्टिकर ठेवलेला होता. कुठलीच गोष्ट फेकता न येणं ही त्याची लहानपणापासूनची खोड. आत्याबाईंना तेवढ्यातही ती ओळखीची वाटली, आणि त्याचाच राग आला.

“आत्या, खरं सांगतो, काढला तेव्हा मनात काही नव्हतं. वायरमन जुनी जोडणी लावत होता, मी खाली काय लिहिलंय ते वाचायला सोलला. एकशे वीस दिसलं आणि वायरमनवर भडकलो. दुपारी अहवाल लिहायला बसलो, तेव्हा आठवलं की वायरी मीच उपसल्या होत्या. ठोकळे सगळे काळे. मी कुठल्याला कुठली लावली, बघितलंच नाही.”

“मग का नाही बोललास?”

“तोवर सगळे त्यालाच बोलत होते. आणि ती गॅसवाली बाई… केंद्रप्रमुखानंच फोन बंद पाडले, हे कसं सांगू?”

“म्हणून मला बोलावलंस. बाहेरची तज्ज्ञ, पण घरची. आत्या काय, बघेल न बघेल, सही ठोकेल.”

त्यानं मान खाली घातली. आत्याबाईंना भरून आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्यांनी रुमाल शोधला. आधी मीटरच हाताला लागला.

“मला वाईट वाटलंय,” त्या म्हणाल्या. “अडॅप्टर बदलला त्याचं नाही. ती चूक माझ्याही हातून झाली असती. पण तो माणूस दोन दिवस पेटीवर बसून आहे. सव्वीस वर्षांचं त्याचं नाव तू खिशात घालून फिरतोयस. फोन अकरा मिनिटांनी परत लागले. त्याच्या नावाचं काय करणार आहेस?”

“तू समितीला सांगशील?”

“मी माझ्या अहवालात जे दिसलं ते लिहीन. ते तूही जाणतोस. पण तुझ्या आधी मी बोलायला लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे.”

चहावर साय धरली होती. दारावर टकटक झाली आणि शिपायानं डोकावून सांगितलं की समितीची माणसं आली आहेत, तास आधीच.

६

समितीत तिघं होते. टेबलाच्या टोकाला काकाला उभं केलं होतं. त्याच्या हातात परवान्याचं पुस्तक होतं आणि ते तो दोन्ही हातांनी धरून होता.

“तज्ज्ञांचं मत काय?” अध्यक्षांनी विचारलं.

आत्याबाईंनी भाच्याकडे बघितलं. तो बसलेलाच राहिला. एक क्षण गेला, दुसरा गेला. अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. आत्याबाईंनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“तज्ज्ञांच्या आधी मला बोलायचंय,” फूटपट्टी उभा राहिला होता. “स्टिकर होता. वायरमन खरं बोलत होता. तो मी लावला आणि मीच काढला.”

पुढचं त्यानं ओळीनं सांगितलं, काही न गाळता. सांगताना एकदाच अडखळला, काकाकडे बघितलं तेव्हा. मग आत्याबाईंनी जळका ठोकळा आणि टेबलाखालचा ठोकळा शेजारी शेजारी ठेवले. दिसायला दोन्ही सारखे. त्यांनी समितीला काजळीतली स्वच्छ चौकट दाखवली आणि एक्केचाळीस नंबरचा स्टिकर तिच्यावर धरला. कड कडेला लागली. अध्यक्षांनी टोपण परत लावलं.

“वायरमनचीही चूक आहे,” आत्याबाई म्हणाल्या, कारण त्यांना अर्धवट न्याय आवडत नसे. “खूण वायरीवर बांधली. खूण ठोकळ्यावर हवी. आणि स्टिकर छपाईवर लागता कामा नये, मग तो कितीही सुंदर लागो. एकशे वीसचा एकही ठोकळा या इमारतीत उरायला नको. भिंतीलासुद्धा नव्यातलाच वापरा, तो दोन्हीकडे चालतो. एवढं केलंत तर ती पट्टी तुम्हाला जन्मात त्रास देणार नाही.”

परवान्याचं पुस्तक काकाच्या खिशात परत गेलं. साहेबांचं काय करायचं ते वरचे ठरवतील, असं समितीनं लिहिलं. ताकीद मिळेल की खुर्ची जाईल, हे त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

काका दारापर्यंत गेला आणि परत फिरला. सगळ्यांना वाटलं, आता हा साहेबांना चार शब्द सुनावणार. त्याचा तो हक्कच होता.

“साहेब,” तो म्हणाला, “सोमवारी साडेआठला यंत्रखोलीत या. सगळे ठोकळे परत वाचायचेत. तुम्ही मोठ्यानं वाचायचं, मी ऐकून खूण करणार. आणि रागावलोय मी. ते जायला वेळ लागेल.”

“येतो,” फूटपट्टी म्हणाला.

खोली रिकामी झाल्यावर त्यानं नवा अहवाल लिहायला घेतला. आत्याबाई समोर बसून होत्या. शेवटच्या ओळीखाली, पुरावा म्हणून, त्यानं डायरीतला स्टिकर काढून कागदावर लावला. तापून आखडलेला तो नीट चिकटेना. एक्केचाळीस नंबर चांगलाच तिरपा बसला, एक कोपरा दुमडला. तो सोलून परत लावायला त्याचं बोट पुढे झालं.

“राहू दे,” आत्याबाई म्हणाल्या, आणि त्याच्या हातातलं पेन घेऊन त्यांनी खाली सही केली.